मावशी, कान दाखवा

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात दर तीन महिन्यांनी नव्या कामगारांचा सुरक्षा वर्ग भरत असे. आग विझवायच्या नळकांड्यांची माहिती संपली की अधिकाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मावशी, जरा उभ्या राहा. कान दाखवा."

मावशी उठत, डोक्यावरची कापडी टोपी मागे सरकवत आणि डावा कान वर्गाकडे करत. कानाची पाळी भोकापासून खालपर्यंत उभी फाटलेली, तिची दोन टोकं वेगवेगळी लोंबत. पुढच्या बाकावरची एखादी पोरगी "अगं बाई!" म्हणून स्वतःचे कान चाचपायची. मग अधिकारी म्हणायचे, "पाहिलंत? कामावर डूल घालून आल्या होत्या. एका क्षणाचा निष्काळजीपणा!" मावशी बसत. सगळा मामला दीड मिनिटाचा. त्यांना बोलायला कधी कोणी सांगितलं नाही, आणि त्या बोलल्या नाहीत.

असं सव्वीस वर्षं चाललं. या काळात चार सुरक्षा अधिकारी झाले. जाणारा येणाऱ्याच्या ताब्यात कपाटाच्या किल्ल्या, प्रथमोपचाराची पेटी आणि कानवाल्या मावशी देऊन जायचा.

त्या वर्षी मावशींची सून कारखान्यात लागायची ठरली. घरात सगळ्यांना आनंद झाला. मावशींना मात्र दोन दिवस जेवण गोड लागेना. सुनेपुढे उभं राहून कान दाखवायचा? जी सून त्यांना विचारल्याशिवाय गॅसचं बटण फिरवत नाही, तिनं ऐकायचं की आपली सासू निष्काळजी?

तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "मी कान शिवून घेणार आहे."

नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "आता? या वयात? इतकी वर्षं चाललंच की."

"तुमचं चाललं. कान माझा आहे."

"कोण बघतंय आता तुझ्या कानाकडे?"

"दर तीन महिन्यांनी चाळीस माणसं बघतात. हवं तर या एकदा, पुढच्या बाकावर बसवते."

नवऱ्यानं पान उलटलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा पत्ता मात्र त्यानंच काढून आणला.

रजेच्या अर्जावर कारणाच्या रकान्यात मावशींनी स्वच्छ अक्षरात लिहिलं : कान शिवून घेणे. अर्ध्या तासात केबिनमधून बोलावणं आलं. हे चौथे अधिकारी मावशींच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, तेव्हाच मावशींनी ओळखलं की काम अडलंय.

"मावशी, आमची काही हरकत नाही हं. पण तुम्ही दीड वर्षात निवृत्त होताय. मग शिवा की निवांत."

"आता का नको?"

"नाही म्हणजे... वर्गात मी तासभर बोलतो ते कोणाच्या डोक्यात राहत नाही. तुमचा कान राहतो."

"तो माझ्याही डोक्यात राहतो, साहेब."

"बरं, निदान एक फोटो तरी काढून ठेवू या? मोठा करून भिंतीवर लावतो."

मावशी उठल्या. "फोटो नाही, काही नाही. रजा मंजूर करा, नाहीतर बिनपगारी घेते." अर्जावर सही झाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण हात जुन्या माणसासारखा शांत. त्यांनी चिरलेली दोन्ही टोकं बोटांनी जुळवून पाहिली. "मावशी, जखम केव्हाच भरलीय. दोन्ही कडांवर कातडी आलीय. नुसती शिवली तर धरणार नाही. कडा पुन्हा कापून ताज्या कराव्या लागतील, मग टाके."

"कापा."

"घाबरू नका, सुई टोचली की कळणार नाही."

"घाबरायचं सव्वीस वर्षांपूर्वी झालं, बाई. तुम्ही कापा."

सुईनं कान बधिर झाला. जवळच कात्रीचा कुरकुर आवाज येत होता आणि मावशी छताकडे बघत पडल्या होत्या. तो दिवस त्यांना आठवला, पण डूल आठवले नाहीत. आठवला तो सुपरवायझर. हॉस्पिटलात खाटेशेजारी उभं राहून त्यानं कागद पुढे केला होता. "डूल अडकले एवढंच लिहिलंय. सही केलीत तर नोकरी राहील." धाकटं पोर सात महिन्यांचं होतं. त्यांनी सही केली होती.

आठवड्यानं टाके निघाले. कानावर बारीक गुलाबी रेघ राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन-तीन महिन्यांनी भोक पाडा, पण या रेघेवर नको, बाजूला." मावशींनी आरशात पाहिलं, मान इकडून तिकडून फिरवली आणि पहिल्यांदाच वाटलं की हा कान कोणाच्या ताब्यात द्यायचा नाही.

पुढचा वर्ग भरला तेव्हा सून दुसऱ्या बाकावर होती. तिला तीन नंबरच्या मशीनवर टाकल्याचं सकाळीच कळलं होतं. अधिकाऱ्यांची आग संपली, नळकांडी संपली. ते सवयीनं म्हणाले, "मावशी, कान..." आणि थांबले. दाखवायला काही नव्हतं. क्षणभर विचार करून त्यांनी माइक पुढे केला. "मावशी, तुम्हीच सांगा पोरींना, काय झालं होतं ते."

मावशींनी माइक घेतला. तो दोन्ही हातांनी धरला.

"डूल मी घातले होते, हे खरं आहे. तेव्हा सगळ्याच घालायच्या. डूल घालू नयेत हा नियम माझा कान फाटल्यावर झाला." वर्गात कोणीतरी हसलं. मावशी हसल्या नाहीत. "मशीनमध्ये पुठ्ठा अडकला म्हणून मी वाकले. बाजूनं चेन फिरते, तिच्यावर लोखंडी जाळी असते. ती असती तर डूल चेनपर्यंत गेलाच नसता. अकरा दिवस जाळी काढून ठेवलेली होती. अडकलेला पुठ्ठा काढताना दर वेळी चार स्क्रू काढण्यात वेळ जातो म्हणून सुपरवायझरनं काढायला लावली होती. कागदावर माझा निष्काळजीपणा लिहिला आणि मी सही केली. चूक माझी एवढीच, की मी सही केली."

अधिकारी घाईनं पुढे आले. "मावशी, जुन्या गोष्टी..."

"जुन्या कुठल्या? तीन नंबरची जाळी आज सकाळी मी फिटरच्या कपाटामागे बघितली. साहेब, तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

अधिकाऱ्यांनी मान खाली घातली. ठाऊक होतं की नव्हतं, ते त्या मानेवरून सगळ्यांना कळलं.

मावशींनी माइक टेबलावर ठेवला आणि सरळ शेडमध्ये गेल्या. तीन नंबरच्या मशीनपाशी जाऊन त्यांनी मुख्य बटण खाली ओढलं. मशीन घरघरत थांबलं. मग बटणाच्या पेटीला पाठ लावून त्या उभ्या राहिल्या. मागून सून आली आणि शेजारी उभी राहिली.

फिटर आला, अधिकारी आले. "मावशी, माल आज जायचाय. संध्याकाळी नक्की बसवतो जाळी."

"संध्याकाळी बसवा. मशीनही संध्याकाळी चालू होईल."

"तुमच्यावर कारवाई होईल, समजतंय का?"

"समजतंय. कारवाईच्या कागदात कारण लिहाल ना? ते मी सांगते तसं लिहा. जाळी बसवायला लावली म्हणून. वाचून बघेन, मग सही करेन."

फिटरनं अधिकाऱ्यांकडे पाहिलं. शेवटी फिटरच वळला आणि कपाटामागून जाळी घेऊन आला. तिच्यावर बोटभर धूळ होती. दोन स्क्रू पिळून झाल्यावर तो उठायला लागला. "एवढ्यानं हलत नाही आता, मावशी."

"चारही," सून म्हणाली.

मावशींनी तिच्याकडे वळून पाहिलं. मग त्या पेटीला आणखी घट्ट टेकल्या. फिटर पुन्हा खाली बसला.