योग्य मार्गाने सादर

"सर, खरं लिवायचं, का बरं?"

फॉर्मातला कुठलाही रकाना आला की बाई पेन वर उचलून हा प्रश्न विचारायच्या. त्यात थट्टा नव्हती. सगळी नोकरी सरकारी कागद भरण्यात गेलेल्या माणसाचा तो साधा व्यवहारी प्रश्न होता. उत्तर मिळेपर्यंत त्या पेन टेकवत नसत.

जन्मतारखेच्या रकान्यातच आमची गाडी अडली. शाळेच्या दाखल्यावर एक जून. तुमच्याही ओळखीत एक जूनला जन्मलेली पाच-दहा माणसं असतील. त्या काळच्या गुरुजींनी गावंच्या गावं एक जूनला जन्माला घातली. बाईंची खरी तारीख कुणालाच ठाऊक नव्हती. वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांना शाळेत घातलं आणि तेव्हा त्यांचे पुढचे दात पडत होते, एवढाच काय तो पुरावा. मी म्हटलं, दाखल्यावरची लिहा. "म्हंजी बरं," असं स्वतःशी पुटपुटत त्यांनी ती लिहिली आणि पुढच्या रकान्याकडे वळल्या.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. पहिलीपासून इंग्रजी येणार अशी कुणकुण शाळाशाळांतून उठली होती. मी बारामतीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो. तिथे एका लांबच्या विद्यापीठाचा नवा कोर्स आला, खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. शिकवणारे तिकडे, शिकणारे इकडे आणि मध्ये फक्त टेलिफोनची तार. धडा कॉम्प्युटरवर यायचा, उत्तरही त्यावरूनच जायचं. तेव्हा कॉम्प्युटरची बडदास्त मुलांपेक्षा जास्त होती. त्याला गार हवा, खिडक्यांना पडदे, अंगावर झूल, आणि आपण चपला बाहेर काढून आत जायचं. त्या खोलीची किल्ली माझ्याकडे होती. किल्ली हातात आली की माझ्यासारखा माणूस जरा ताठच चालतो.

सहा शिक्षक आले. पाच तरणे, नव्या नोकरीतले. सहाव्या या बाई. इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत होत्या. शनिवारची सकाळची शाळा सुटली की निरवांगीपर्यंत चालत यायच्या, तिथून एसटी, मध्ये एक गाडी बदलून तीनच्या सुमाराला बारामतीत. पन्नाशी गाठलेली, कडक इस्त्रीची सुती साडी, हातात नायलॉनची पिशवी. या कोर्सानं त्यांचा पगार वाढणार नव्हता की बढती मिळणार नव्हती. मी विचारलं, मग कशाला एवढी दगदग? म्हणाल्या, "इंग्रजी शिकिवते त्याला अकरा वर्सं झाली, सर. शिकिवता येतं का, ते बघाया आले."

मी हसलो. मला तो विनोद वाटला होता.

पहिल्याच शनिवारी मी सगळ्यांना दम भरला. तुम्ही सरकारी नोकर आहात, उद्या चौकशी झाली तर माझ्या गळ्याशी यायला नको, तेव्हा कागद योग्य मार्गाने आले पाहिजेत. योग्य मार्ग म्हणजे काय हे नोकरी केलेल्या माणसाला सांगायला नको. शिक्षकाचा कागद आधी मुख्याध्यापकाकडे, तिथून केंद्रप्रमुखाकडे, तिथून कचेरीत साहेबांकडे, आणि प्रत्येकाची सही. माझ्या डोक्यात प्रवेशाचे अर्ज होते. बाईंनी विचारलं, "सगळंच कागुद का, सर?" मी रजिस्टरात मान घालून बसलो होतो. "सगळेच," मी म्हटलं.

मान वर केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

कॉम्प्युटरशी बाईंचं जमायला वेळ लागला नाही. एका बोटाने टाइप करायच्या, पण बोट चुकीच्या जागी पडत नसे. त्यांना पटत नव्हतं ते एकच. पत्र गेलं, पण त्यावर सही कुठे आहे? तारीख-शिक्का कुठे आहे? सहीबिगर कागद खरा कसा मानायचा? मी त्यांना समजावलं की तुमचा पासवर्ड हीच तुमची सही. त्यांनी ते ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि मला वाटलं पटलं. नंतर कळलं की अजिबात पटलेलं नव्हतं.

पहिला धडा आला. त्यात शिकवलेलं काहीच नव्हतं, फक्त एक प्रश्न होता. तुमच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला काय घडतं ते लिहा. पाचही तरण्यांनी तासाभरात झकास निबंध ठोकले. चित्रं, गाणी, खेळ, आनंदी मुलं. बाई पेन वर धरून माझ्याकडे बघत बसल्या. प्रश्न मला पाठ होता, म्हणून त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "खरं लिहा, बाई. वाचणाऱ्याला तुमची वस्ती नकाशातसुद्धा सापडायची नाही."

पुढच्या शनिवारी त्यांनी चार पानं लिहून आणली. साध्या, छोट्या वाक्यांची इंग्रजी. एकही चूक नसलेली. टाइप करताना मदत म्हणून मी मागे उभा राहून वाचत होतो आणि दुसऱ्या पानावर मी स्टूल ओढून बसलो.

आठवतं तसं सांगतो. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला इंग्रजी वाचता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मी उत्तरं फळ्यावर लिहिते, ती उतरून घेतात. परीक्षेतही मी फळ्यावर लिहिते, ती उतरून घेतात. सगळी पास होतात. एकदा मी मुद्दाम अर्धी वाक्यं लिहून फळा सोडला. सगळ्यांनी अर्धीच वाक्यं सुंदर अक्षरात उतरवली आणि वही मिटली. तपासणीला साहेब येतात तेव्हा कविता पाठ असलेली तीन मुलं मी पुढे बसवते. साहेब शेऱ्यात उत्तम लिहितात. त्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे.

मग एका मुलीबद्दल होतं. सातवीपर्यंत इंग्रजीत तिचा पहिला नंबर. आठवीला मोठ्या गावच्या हायस्कुलात गेली. पहिल्याच दिवशी तिला धडा वाचायला उभं केलं. तिने पुस्तक डोळ्यांसमोर धरलं आणि माझ्याकडे पाठ केलेली कविता म्हणून दाखवली. पान कुठलं आहे हे तिला कळत नव्हतं. वर्ग हसला. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत गेली नाही. वर्षभरात तिचं लग्न झालं. नवराही वस्तीवरचाच, त्यामुळे आता ती आपल्या मुलाला माझ्याच शाळेत सोडायला येते. येते तेव्हा मला वाकून नमस्कार करते.

चौथं पान तिथेच संपलं होतं. मीही पंधरा वर्षं इंग्रजी शिकवत होतो आणि माझ्या वर्गातही गाईडातली उत्तरं सुंदर अक्षरात उतरवली जात होती. हे असं लिहिता येतं, लिहून पाठवता येतं, हे मला तोवर सुचलंही नव्हतं. बाईंनी शांतपणे बटण दाबलं. मोडेम कुरकुरला आणि पत्र गेलं.

आठवड्याने उत्तर आलं. तिकडच्या शिक्षिकेनं ना कौतुक केलं होतं, ना उपदेश. एकच ओळ होती. येत्या सोमवारी तुम्ही काय कराल?

बाईंनी ती ओळ वहीत उतरून घेतली. पुढच्या शनिवारी आल्या त्या वेगळ्याच. सोमवारी त्यांनी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मुलांना सांगितलं होतं की मी आजवर एकाही माणसाशी इंग्रजीत बोललेले नाही, तर आता आपण मिळून बोलू. घागर, विळा, शेळी, बांध, जे दिसेल त्याला इंग्रजी शब्द शोधायचा. बाईंना न सापडलेल्या शब्दांची यादी त्यांनी मला दिली; त्यातले निम्मे मलाही येत नव्हते. आणि मुलाला सोडायला आलेली ती मुलगी दारातच थांबली, तास संपेपर्यंत हलली नाही. हे सांगताना बाई हसत होत्या. तसं हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात, चक्क मंगळवारी, बाई कॉलेजात माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात कारणे दाखवा नोटीस. निकालात लबाडी केली, वरिष्ठांची बदनामी केली, आपणास सेवेतून कमी का करू नये.

"पण त्यांना कळलं कसं?" मी विचारलं.

बाईंना माझा प्रश्नच कळला नाही. "मीच धाडलं की. तुमी म्हनला हुता, सगळंच कागुद योग्य मार्गानं."

कार्बन घालून त्या चार पानांच्या तीन प्रती त्यांनी काढल्या होत्या. वर अर्ज जोडला होता, 'योग्य मार्गाने सादर'. कॉम्प्युटरवरच्या पत्राला सही नव्हती ना, मग सही असलेली प्रत कुठेतरी नको का? मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली. केंद्रप्रमुखांनी 'शिफारशीसह' असा शेरा मारला. इंग्रजीत असल्यामुळे कुणीच वाचलं नाही, आणि वाचता आलं नाही असं कबूलही कुणी केलं नाही. तीन आठवडे ते सह्या गोळा करत वर चढत गेलं. शेवटी कचेरीत नव्याने आलेल्या एका कारकुनाने ते वाचलं. आपल्याकडे इंग्रजीची काय अवस्था आहे, याचा याहून मोठा पुरावा मला आजवर मिळालेला नाही. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

सुनावणी इंदापूरला कचेरीत होती, मी बरोबर गेलो. वाटेत एसटीत त्यांना सांगितलं, तुम्ही बोलू नका, मी निस्तरतो. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यालाही फाइल मिटवायची होती, कारण 'उत्तम' हा शेरा त्याच्याच हातचा होता. केंद्रप्रमुख कोपऱ्यात घाम पुसत उभे होते. साहेबाने मलाच विचारलं, "सर, हे तुमच्या कोर्साचं काल्पनिक लेखन होतं ना? सरावासाठी?"

"हो," मी म्हणालो.

माझा आवाज इतका सहज निघाला की मीच दचकलो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. साहेबाने तसा जबाब लिहून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी पेन वर उचललं, पण टेकवलं नाही.

"ती पोरगी काल्पनिक न्हाय, साहेब," त्या म्हणाल्या.

केंद्रप्रमुख पुढे झाले, हात जोडले. माझी पण नोकरी आहे बाई, म्हणाले, दोन वर्षं राहिलीत. बाईंनी त्यांच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि सही केली. नोकरी वाचली. त्यांची, केंद्रप्रमुखांची, साहेबांच्या शेऱ्याची, माझ्या किल्लीची, सगळ्यांची.

बाहेर येऊन आम्ही एसटीची वाट बघत उभे राहिलो. त्यांनी विचारलं, "कॉम्प्युटरवरनं धाडलेलं म्हागारी आणता येतंय का, सर?"

मला वाटलं, घाबरल्या. मी धीर द्यायला म्हटलं, नाही येत, पण काळजी करू नका, तिकडून इकडे कुणाला कळणार नाही.

"मग तितं तरी खरं ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. निरवांगीची गाडी लागली तशा चढल्या. मी हात केला, पण गर्दीत त्यांना दिसला नसावा.

त्या पुन्हा बारामतीला आल्या नाहीत. तीन शनिवार मी त्यांची खुर्ची रिकामी ठेवली. चौथ्या शनिवारी तिच्यावर दुसरं कुणी बसलं. तिकडच्या शिक्षिकेची पत्रं येत राहिली. सोमवारी काय झालं? तुम्ही लिहिलं नाहीत. सगळं ठीक आहे ना? ती उघडायचा मला अधिकार नव्हता, पण पासवर्ड मीच बनवून दिलेला होता, त्यामुळे मी उघडत होतो आणि वाचून बंद करत होतो.

उन्हाळ्यात बारामतीच्या स्टँडवर केंद्रप्रमुख भेटले. खुशीत होते, बळंच चहाला घेऊन गेले. बाईंचं काय, मी विचारलं. "लई बेस हाय. येकदम सरळ झाल्यात बगा," ते म्हणाले. "फळ्यावर उत्तरं लिवून देत्यात, पोरं उतरून घेत्यात. निकाल शंभर टक्के." मी विचारलं, ती मुलगी अजून दारात थांबते का? "कोनती मुलगी?" ते म्हणाले. मी चहा तसाच ठेवून उठलो.

जूनमध्ये विद्यापीठाचं शेवटचं पत्र आलं. अमुक विद्यार्थिनीकडून बरेच दिवस उत्तर नाही, नाव कमी करत आहोत, केंद्राने कारण कळवावं. मी त्या खोलीत एकटाच होतो. समोर रिकामी चौकट, वाटेल तेवढं लिहायला जागा. काय घडलं ते सगळं मला माहीत होतं. तिकडे कुणी आम्हाला ओळखत नव्हतं. माझं काहीच जाणार नव्हतं.

मी 'वैयक्तिक अडचण' असं टाइप केलं आणि बटण दाबलं.