मडकं नाय मिळायचं

गिरजाक्का गिऱ्हाइकाचं आधी आडनाव विचारायची, मग मडकं दाखवायची. पडेगावकडच्या त्या मळेवाल्यांपैकी कुणी निघालं, की संपलंच. "तुमाला नाय विकायचं. उठा!"

का, ते ऐका. तिची सासू त्या मळ्यात वेठीला होती. म्हणजे जन्मभर राबायचं, मजुरी नाही, मालकाला विचारल्याशिवाय मळ्याबाहेर पाय टाकायचा नाही. बाईनं कुंभाराच्या चाकाला हात लावायचा नाही, म्हणून ती नुसत्या हातानं थापून मडकी घडवायची अन् ओल्या गळ्याभोवती चिंचोके दाबून नक्षी काढायची.

मागं त्या मळ्यात बंगल्यांसाठी खोदलं, तर चिंचोक्याच्या नक्षीची खापरंच खापरं निघाली. गिरजाक्का पाटी भरून म्हाताऱ्या मालकाच्या दारात गेली. तो चारचौघांत म्हणाला, "आमच्याकडं वेठीला कुणी नव्हतंच. ही आमच्या गोठ्यातली मडकी."

येताना ती लष्कराच्या छावणीत माझ्या घरी आली. खापर बघितलं अन् मी उठलेच. आमच्या सासूबाईंच्या लोणच्याच्या मडक्यावर हीच नक्षी! मळ्यातली एक बाई मालकाचं गवत विकायला यायची, तेव्हा भाऱ्यात लपवून मडकी आणायची, सासूबाई बदल्यात मीठ द्यायच्या, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं. मी मडकं पुढं ठेवलं. गिरजाक्कानं त्याच्या गळ्यावरून बोटं फिरवली.

"बघितलं का बाई? म्हातारी बाजार करून गेली, अन् हा म्हणतो ती नव्हतीच! त्याच्या घरच्यांच्याच तोंडून वदवून घेईन."

गेल्या साली म्हातारा मेला. मी गिरजाक्काच्या ओट्यावर बसलेले, तेवढ्यात त्याचा मुलगा धापा टाकत आला. तिरडीपुढं विस्तव धरायला मडकं हवं होतं, अन् जवळ हिचंच घर.

"आक्का, लवकर द्या. सगळे खोळंबलेत."

"माझी सासू कोण होती रे तुमच्या मळ्यात?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं बोल. गल्लीतल्या बाया ऐकायल्यात."

"वेठीला होती," तो खाली मान घालून म्हणाला.

"अन् ती खापरं?"

"तिचीच."

मला वाटलं, आता देईल. गिरजाक्कानं पदर खोचला. "बरं बोललास. जा आता छावणीच्या बाजारात. माझ्याकडं नाय मिळायचं."

तो गेल्यावर मी म्हणाले, "आक्का, मेलेल्या माणसाशी कसला गं दावा?"

"तो मेला व्हय," ती म्हणाली. "मी कुठं मेले?"