सूचना तपासणाऱ्या टीचर

आमच्या शेजारच्या टीचरांनी आयुष्यात एकही सूचना निमूटपणे पाळलेली नाही. आधी त्या ती तपासतात, आणि बहुतेक सूचना त्यांच्या हातून नापास होतात. मालवणजवळच्या आमच्या गावात त्यांनी सारा जन्म चौथीच्या वर्गाला मराठी शिकवलं. शाळा सुटली, तपासणं सुटलं नाही. औषधाच्या बाटलीवर ‘जेवणानंतर’ असं असेल, तर नंतर म्हणजे किती नंतर, हे विचारायला त्या दवाखान्यात परत जातात. चर्चच्या फळ्यावर ‘रविवारची मिस्सा नेहमीच्या वेळी’ असं वाचून त्यांनी फादरांना विचारलं होतं, की ज्याला नेहमीची वेळ ठाऊक आहे त्याला हा फळा कशाला, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला ह्याचा उपयोग काय. धामापूरच्या तळ्याची वाट दाखवणारी एक पाटी खरी की खोटी हे ठरवायला त्यांनी गोव्याहून आलेल्या सख्ख्या बहिणीला एकटीला चालत पाठवलं. बहीण दुपारी भलत्याच वाडीत, अनोळखी घराच्या ओट्यावर सोलकढी पिताना सापडली. टीचरांना बहिणीची काळजी नव्हती असं नाही, पण पाटी चुकीची निघाल्याचं समाधान चेहऱ्यावर जरा जास्त होतं.

ह्या बाईंचा माझ्या धंद्याशी कधी संबंध येईल असं मला वाटलं नव्हतं. मी घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. किनाऱ्यावरच्या घरगुती लॉजना पाहुण्यांचे जे निरोप येतात, ते आमचा एआय एजंट वाचतो. त्याच्या हाताशी काही साधनं असतात. एक खोली राखून ठेवतं, एक तारीख बदलतं, एक बुकिंग रद्द करतं. कुठलं साधन कधी उचलायचं, हे तो प्रत्येकाखाली लिहिलेल्या दोन-चार ओळी वाचून ठरवतो. त्या ओळी मी लिहितो, आणि त्या काळी मी त्या फार सुंदर लिहितो असा माझा समज होता.

मे महिन्यात कोल्हापूरच्या एका बाईंनी आमच्याच गावातल्या एका लॉजला निरोप पाठवला, की आमचं शनिवारचं रविवारी करा. एजंटानं बुकिंग रद्द केलं आणि वर ‘आपल्या विनंतीनुसार कार्यवाही केली आहे’ असं अदबीनं कळवलं. बाई निर्धास्त झाल्या. रविवारी दुपारी फोंडाघाट उतरून, ऐंशीच्या वडिलांना घेऊन त्या पोचल्या, तर खोलीत दुसरंच कुटुंब जेवायला बसलेलं. वडिलांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. ते माडाखाली उभ्या केलेल्या गाडीत, पाय बाहेर सोडून, कोणावर न रागावता बसून होते. टीचरांनी त्या दोघांना आपल्या घरी नेलं, म्हाताऱ्यांना स्वतःची खाट दिली, ऊन उतरल्यावर हाताला धरून त्यांना समुद्राकाठच्या पुळणीवर फिरवून आणलं, आणि मगच त्या माझ्या दारात आल्या.

एजंट कधी कधी चुकतो, असं मी सांगून पाहिलं.

“तेका काय लिवन दिलंस, ता माका दाखय,” टीचर म्हणाल्या.

दाखवलं. रद्द करण्याच्या साधनाखाली मी लिहिलं होतं : ‘बुकिंगमध्ये हवा तो बदल सुलभपणे करण्याचे वा ते रद्द करण्याचे प्रभावी साधन.’ टीचरांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं.

“बदल म्हटलंस, म्हणून तेणां ह्या उचललान. तो गाढव नाय रे. तेका वाट सांगणारो गाढव आसा.”

दुसऱ्या दिवसापासून माझी परीक्षा सुरू झाली. ‘सुलभ’ आणि ‘प्रभावी’ हे शब्द आधी गेले. विशेषणं वाचून कोणी कुठे पोचत नाही, असं त्यांचं मत. मग त्यांनी वहीत तीस निरोप लिहून आणले, माणसं खरोखर लिहितात तसे. मालवणीत, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घात, अर्ध्यावर सोडलेले. प्रत्येकापुढे योग्य साधनाचं नाव त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. मी ते निरोप एजंटाला द्यायचे, तेही तीन-तीनदा, कारण एका दिवसाच्या हुशारीवर त्यांचा विश्वास नव्हता. मी ओळी बदलल्या. एकही बुकिंग चुकून रद्द झालं नाही, म्हणून मी खुशीत होतो. टीचरांनी उरलेली वही तपासायला लावली, तेव्हा दिसलं की ज्यांना खरंच रद्द करायचं होतं त्यांचंही होत नव्हतं. मी इतक्या ताकिदी घातल्या होत्या, की एजंट त्या साधनाला हातच लावेना.

“ताप गेलो, हुडहुडी इली,” एवढंच त्या म्हणाल्या.

शेवटी हे साधन कधी वापरायचं, कधी नाही, आणि नाही तर त्याऐवजी कुठलं, असं साध्या तीन वाक्यांत लिहिलं, तेव्हा एजंटाची उत्तरं वहीशी जुळली. दोन निरोप मात्र अडले. ते टीचरांनाही नीट कळत नव्हते. तिथे एजंटानं पाहुण्याला उलट विचारावं, असं त्यांनी ठरवलं. विचारायला लाज कसली, असं त्या वर्गातही म्हणत असत म्हणे. कंपनीत माझं कौतुक झालं. ही पद्धत कुठून आणली असं कोणीतरी विचारलं. मी ‘चौथीच्या वर्गातून’ म्हणालो, तर सगळे हसले, आणि मीही ते तसंच राहू दिलं.

गेल्या वर्षी टीचरांची नजर फार मंदावली. आता मी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून माझं लिखाण वाचून दाखवतो आणि त्या डोळे मिटून ऐकतात. परवा एक नवं साधन वाचलं. पाहुण्याला चर्चपासून पुळणीपर्यंत चालत जायची वाट सांगणारं. टीचरांनी ते पुन्हा वाचायला सांगितलं, आणि मी वाचलं.

“हां,” त्या म्हणाल्या. “ह्या ऐकान मी एकटी जायन.”

मग उठल्या, आणि पायरी कुठे आहे ते पायानं चाचपत त्यांनी माझ्या हातासाठी हात पुढे केला.