धोंडाबाई काकूचे पुतणे

नाटक कंपनीत एखादा बदली नट असतो. कपडे त्याला बसतात, संवाद त्याला येतात, पण जाहिरातीत नाव दुसऱ्याचं. मंजुश्री जळकोटच्या महाविद्यालयात गेली कित्येक वर्षं तशीच होती. इतिहास शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. जितके तास घेतले तितक्यांचं मानधन, आणि दर जूनला नव्यानं मुलाखत. पीएच.डी. झाली, नेट झालं, केसांत रुपेरी तारा दिसायला लागल्या, तरी जून आला की ती पुन्हा उमेदवारच. लातूरहून निघायचं, शिरूर ताजबंदला गाडी बदलायची आणि वर्गात पाऊल टाकताना चेहऱ्यावर असं तेज आणायचं की प्रवास झालाच नाही. रंगभूमीवर याला मेहनत म्हणतात. महाविद्यालयात त्याला काही म्हणत नाहीत.

यंदा नव्या धोरणानं शंभरातले चाळीस गुण महाविद्यालयाच्या हाती दिले होते. अंतर्गत मूल्यमापन. त्याची रीत सगळ्यांना ठाऊक होती. मुलांनी घरून काहीतरी लिहून आणायचं, आणि बाईंनी सगळ्यांना छत्तीस टाकून नांदेडच्या विद्यापीठाकडे पाठवायचं. पूर्वी मुलं एकमेकांचं उतरवायची, आता मोबाइल त्यांना लिहून देत होता. मंजुश्रीनं तो गठ्ठा वाचला. सगळीकडं तीच गुळगुळीत भाषा, जणू एकाच माणसानं वर्गभर वेषांतर करून हजेरी लावली होती. तिला वाचून राग आला नाही, नुसता थकवा आला.

ती प्राचार्यांकडे गेली. "सर, यंदा मी तोंडी परीक्षा घेते. एकेकाला बोलावून."

प्राचार्य शेषेराव भला माणूस. चहा मागवला. "घ्या की मॅडम. पण निकाल खाली येऊ देऊ नका. निकाल पडला की प्रवेश पडतात, प्रवेश पडले की तास पडतात. आन् पहिले तास कुणाचे पडतात, ते मी तोंडानं बोलावं का?"

"कळलं सर."

परीक्षेला खोली मिळाली ती स्टेजमागची. एकेकाळी स्नेहसंमेलनाला इथं मुली रंग लावायच्या, मिशा चिकटवायच्या, कुणीतरी हमखास रडायचं. आता तिथल्या मोठ्या आरशापुढं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रचलेले. मंजुश्रीनं दोन खुर्च्या मांडल्या आणि एकच प्रश्न ठरवला: तुमच्या घरात पूर्वी एक रीत होती, आता नाही. ती का मोडली?

पहिली आली रुद्राणी. शिवप्पा किराणावाल्याची मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. ओढणीचं टोक पिळत म्हणाली, "आमच्यात बायका मागून जेवायच्या मॅडम. गडी उठले की मग. ते आता न्हाई."

"का? वडिलांनी बदललं?"

"छ्या! धोंडाबाई काकूला शुगर निघाली. सुई घेतली की लगेच खावं लागतं. एक दिवस आजोबा पाटावर बसायच्या आत काकू ताट घेऊन बसली. म्हणली, मला चक्कर येऊन राहिलीय, तुम्ही या मागून. मग एकटी कशी जेवणार, म्हणून आई बसली. मग मी. झालं."

मंजुश्री खुर्चीत ताठ झाली. ना भाषण, ना चळवळ, ना कायदा. इन्सुलिनच्या सुईनं घरातली पंगत उलटी केली होती! असं उत्तर ऐकायला माणूस दोन गाड्या बदलून येतो.

दुपारपर्यंत मात्र चमत्कार झाला. सोमेशच्या काकूला शुगर निघाली. सत्यमच्या काकूलाही. सुकन्याच्या मावशीला निघाली. जळकोट तालुक्यातल्या सगळ्या चुलत्या एका दिवसात सुई टोचून पहिल्या पंगतीला बसल्या. मलप्पानं तर काकूचं नावही धोंडाबाईच ठेवलं.

"तुझी काकू?" मंजुश्रीनं विचारलं.

"हाव मॅडम. सख्खी."

"मग सांग, सुई कुठं घेते? दंडात की पोटात?"

मलप्पानं छताकडं पाहिलं, आरशाकडं पाहिलं. "ते सिलॅबसच्या बाहेर हाय, मॅडम."

मंजुश्रीला हसूही आलं आणि डोळेही भरले. पोरांची तरी काय चूक? लातूरच्या हवेतच ते आहे. जो पहिला परीक्षा देऊन बाहेर येतो त्याला बाकीचे घेरतात, प्रश्न काढून घेतात, उत्तर घोटतात. शाळेपासून त्यालाच अभ्यास म्हटलं गेलं. या पोरांनी स्वतःचं मतसुद्धा दुसऱ्याकडून घेऊन इमानदारीनं पाठ केलं होतं. पाठांतरात वाईट काही नाही, नट त्यावरच जगतो. पण पाठ केलेलं वाक्य जणू आत्ताच सुचलं असं म्हणावं लागतं, आणि हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं हुकूम सोडला, "धोंडाबाई काकूचे सगळे पुतणे-पुतण्या आत या!"

खोली भरली. खाली माना, एकमेकांना कोपरं. रुद्राणी लालबुंद. "मी नुसतं प्रश्न काय होता तेवढं सांगितलं होतं मॅडम! काकू यांनीच पळवली."

"असू दे. आता ही खऱ्या काकूची पुतणी. तुम्ही तिला विचारा. ज्याचा प्रश्न चांगला, त्याला गुण. उत्तराला नाही."

मग सुकन्यानं विचारलं, आजोबा चिडले नाहीत का? सत्यमनं विचारलं, दवाखान्यात कोण घेऊन गेलं होतं? खुर्च्या सरकल्या, आवाज चढले. आणि मलप्पा, ज्याला सुई कुठं टोचतात ते ठाऊक नव्हतं, डोकं खाजवत म्हणाला, "रुद्राणी, समज काकूची शुगर उद्या बरी झाली. मग ती परत मागं बसंल का गं?"

"ते मी काकूला कधी विचारलंच न्हाई," रुद्राणी म्हणाली. आणि मंजुश्रीला वाटलं, इतक्या वर्षांत आपल्या वर्गात इतिहास पहिल्यांदा आज शिकवला गेला, तोही मलप्पाकडून.

आनंद दोन दिवस टिकला. प्राचार्यांनी बोलावलं. "झाली न परीक्षा? आता छत्तीस-छत्तीस भरून टाका. विद्यापीठाची मुदत सरत आलीय."

"सर, काही मुलं तोंड उघडून बोललीच नाहीत. काहींनी दुसऱ्याचंच सांगितलं. सगळ्यांना तेवढेच कसे देऊ?"

"मॅडम, मी बी तरुण होतो. मी बी एक वर्ष खरे गुण दिले होते." शेषेरावांनी चष्मा पुसला. "पुढच्या साली माझ्या वर्गात बाकं रिकामी होती. मग शिकलो. तुमचं भलं सांगून राहिलो."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणूनच ते जास्त जड होतं. घरी आई एकटी, जूनची मुलाखत तोंडावर. मंजुश्री महाविद्यालयातल्या संगणकापुढं बसली आणि छत्तीस भरायला लागली. अर्धी यादी झाली तेव्हा दारात रुद्राणी उभी.

"मॅडम, येऊ का? परीक्षा झाली ते ठाऊक हाय. पण मलप्पाचं उत्तर राहिलं होतं. मी काकूला विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणली, शुगर गेली तर सुई सोडीन, ताट कशाला सोडू? पहिल्या पंगतीची भाजी गरम असती, हे आधी कुणी सांगितलंच न्हवतं." रुद्राणी हसली. "येवढंच सांगायचं होतं. जाते." आणि गेली. गुण विचारले नाहीत.

मंजुश्री पुन्हा संगणकाकडं वळली. जिला कुणी बोलावलं नव्हतं ती उत्तर द्यायला आली होती. तिच्याही नावापुढं छत्तीस आणि तोंड न उघडणाऱ्यांच्याही नावापुढं छत्तीस. तिनं भरलेलं सगळं पुसलं आणि पहिल्यापासून भरलं. रुद्राणीला, मलप्पाला भरपूर. गप्प बसलेल्यांना थोडे. पाठवायचं बटण दाबताना तिला शूर वगैरे काही वाटलं नाही. पाय दुखत होते आणि शेवटची गाडी चुकेल ही काळजी होती.

निकाल थोडा खाली आला. पालकांचे फोन आले, संस्थेत बैठक झाली. जूनमध्ये मुलाखतीनंतर शेषेरावांनी तिला थांबवून घेतलं.

"अर्धे तास ठेवलेत, मॅडम. बाकीचे दुसऱ्याला. तुमच्यासाठी लई बोलणी खाल्ली, तवा एवढे राहिले."

"आणि परीक्षा?"

"तुमच्या पद्धतीनं घ्या. फक्त प्रश्न मला आधी दाखवू नका." ते कसनुसं हसले. "मी बी लातूरचाच. पाठ करून बसंन."

तीही हसली. बाकीच्या दिवसांसाठी तिनं लातुरातच स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासमध्ये काम धरलं. पहिल्याच सकाळी तिथल्या चालकानं टेबल दाखवलं. "मॅडम, इतिहासाचे प्रश्न काढायचे. चार पर्याय, एकच बरोबर. वाद निघंल असा प्रश्न नको."

मंजुश्रीनं मान डोलावली, खुर्ची पुढं ओढली आणि पहिला प्रश्न लिहिला. चार पर्याय, एकच बरोबर.