अंजलाईचे बोकड

मलेशियात, कुआला सेलांगोरकडच्या तेल-ताडाच्या मळ्यात अंजलाईनं तीस वर्षं तणनाशक फवारलं. पाठीवरचा पंप उतरवला आणि ते काम तिनं आपल्या शेळ्यांकडे सोपवलं. ताडांच्या सावलीतलं रान त्या चरून साफ ठेवत, म्हणून मळ्याचे साहेब काणाडोळा करत. अट एकच, नव्या रोपांकडे एकही तोंड वळायचं नाही.

बोकड ती खाण्यासाठीच वाढवी, त्याचं तिला काही वाटत नसे. गिऱ्हाईक मात्र ती पारखून घेई.

दिवाळीच्या तोंडावर क्वालालंपूरहून इळंगो आला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट.

"शिजवणार कसा?" ताडाच्या बुंध्याशी बसल्या बसल्या अंजलाईनं विचारलं.

"कुकरमध्ये, अम्मा. दहा शिट्ट्या."

"दहा? बोकड शिजवतोयस की आगगाडी सोडतोयस?"

"बरं, आठ?"

"हा काय भाजीबाजार आहे घासाघीस करायला? जा, कोंबडी घेऊन जा."

इळंगोनं रडवेल्या तोंडानं आईला, कोगिलमबाईंना, फोन लावला आणि अंजलाईच्या हातात दिला. मग काय! कोगिलमबाई छोटे कांदे म्हणाल्या, अंजलाई मिऱ्यांवर अडली, खोबरं भाजायचं की नाही यावर तर दोघींचा आवाज टिपेला गेला. तेवढ्यात शेळ्यांना कळलं, आज कुणाचं लक्ष नाही. कळप निघाला थेट रोपांकडे.

"अरे, बघतोस काय! पळ!"

इळंगो हात पसरून धावला. एक बूट चिखलात राहिला, शर्टाची बाही एका शेळीच्या तोंडात. पण त्यानं कळप वळवला, एक रोपसुद्धा न गमावता. अंजलाई पोट धरून हसली.

"ने बोकड. पण शिजवणार तुझी आई. आणि मी खायला येणार."

दिवाळीला ती खरंच गेली. तिसऱ्यांदा वाढून घेताना एवढंच म्हणाली, "मिरे जरा कमी पडलेत."

"पातेलं रिकामं झाल्यावर आठवलं होय?" कोगिलमबाई म्हणाल्या, आणि वर डबाही भरून दिला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सेल्वीनं त्यातला तुकडा चाखला आणि डोळेच मिटले.

"अक्का, हे तुम्ही केलंत?"

"मग कोण करणार?" अंजलाई म्हणाली आणि शेळ्या सोडायला निघून गेली.