चादरीचा सिक्सर

दिंडोशीच्या वसाहतीतल्या मैदानावर अंबादास साळवे अंपायर म्हणून उभे राहिले की भांडकुदळ पोरांचीही तोंडं बंद व्हायची. आठवडाभर कारखान्यात ते दुसऱ्यांचं ऐकायचे. रविवारी पांढरी टोपी चढवली की सगळं मैदान त्यांचं ऐकायचं. त्या टोपीचा त्यांना भारी अभिमान होता, आणि का नसावा?

गेल्या हिवाळ्यात एक सणसणीत फटका चुकवायला ते मागे सरकले, स्टंपात पाय अडकला आणि डाव्या खांद्यावर आदळले. गळ्याखालून खांद्याकडे जाणारं आडवं हाड, ज्याला कॉलरबोन म्हणतात, ते मोडलं. हात झोळीत बांधला, यथावकाश हाड जुळलं. जुळलं तिथे टेंगूळ राहिलं, खांदा जरासा पुढे आला, शर्ट एका बाजूला कलायला लागला. "हाड पक्कं झालंय. आता हात हलवायला लागा," डॉक्टर म्हणाले.

पण अंबादासना त्या टेंगळाचा भरवसा वाटेना. झोळी गेली तरी हात पोटाशीच. बसमध्ये, जेवताना, टीव्ही बघताना, बाळाला धरावं तसा तो जपून धरलेला. असा जपलेला हात कधी सुधारतो का? खांदा आखडला. हात खांद्याच्या उंचीपर्यंत जायचा आणि तिथेच अडायचा.

याचा बोभाटा झाला तो भर मॅचमध्ये. एकाने चेंडू थेट सीमेपार भिरकावला. सिक्सरला अंपायरने दोन्ही हात सरळ डोक्यावर न्यायचे असतात. अंबादासचा उजवा झटकन वर गेला, डावा आडवाच राहिला. आता एक हात आडवा म्हणजे नो-बॉल आणि एक हात वर म्हणजे बाय. स्कोअररने बिचाऱ्याने दिसलं तेच लिहिलं. बॅटिंगवाल्यांचा कॅप्टन तणतणत आला. "काका, माझा सिक्सर गेला कुठे?" मैदानभर हशा पिकला. अंबादास तेवढे हसले नाहीत.

संध्याकाळी स्पर्धा भरवणारा किरण घरी आला. चहा संपला तरी त्याला विषय काढवेना.

"काका, राग मानू नका हां. फायनलला तुम्ही आरामात खुर्चीवर बसा ना. स्कोअर लिहा."

"आणि तोवर हात वर गेला तर?"

"तर तुम्हीच अंपायर. शब्द देतो."

फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम दाखवला होता. काठी दोन्ही हातांत आडवी धरायची आणि चांगल्या हाताच्या जोरावर दुसरा हळूहळू वर न्यायचा. अंबादासनी दोनदा केला, खांदा ओढल्यासारखा झाला, आणि काठी दाराआड गेली. कारण विचारलं तर म्हणाले, वेळ नाही. खरं कारण भीती होतं, आणि ते त्यांच्या बायकोला, सुंदराबाईंना, पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपड्यांची बादली नवऱ्यापुढे ठेवली. मुंबईच्या खोलीत कपडे वाळतात छताजवळच्या दोरीवर, आणि तिथवर पोचायला काठीच लागते.

"हा रुमाल टाका वर. दोन्ही हातांनी धरा काठी."

"अगं, हाड परत मोडलं म्हणजे?"

"डॉक्टर पक्कं म्हणाले ना? मग? रुमालाने कुणाचं हाड मोडत नाही हो!"

रुमाल वर गेला. मग टॉवेल, मग सुंदराबाईंची साडी. अलीकडची दोरी सवयीची झाली तशी पलीकडची, उंच बांधलेली. शेजारीपाजारी दारातून डोकावून फिदीफिदी हसायचे. अंबादास लाजून चूर व्हायचे, पण काठी सोडायचे नाहीत. सगळ्यात शेवटी सोलापुरी चादर आली. पिळूनसुद्धा ती इतकी जड की दोरीच्या खालीच लटकत राहायची. पण फायनलच्या आदल्या दिवशी तीही चढली. घरी आलेल्या किरणने ते पाहिलं आणि खुंटीवरची पांढरी टोपी काढून त्यांच्या डोक्यावर ठेवली.

फायनल रंगली. शेवटच्या ओव्हरमध्ये एक गगनचुंबी फटका बसला आणि चेंडू सीमेपार पडला. सगळे चेंडू सोडून अंबादासकडे बघायला लागले. उजवा वर गेला. डावा कपाळापर्यंत आला आणि थबकला. ती जुनी भीती नेमकी तेव्हाच परत आली.

इतक्यात बायकांच्या घोळक्यातून सुंदराबाईंचा खणखणीत आवाज आला.

"अहो, चादर! पलीकडच्या दोरीवर!"

अंबादासनी हवेतच काठी धरली. दोन्ही मुठी जवळ आल्या आणि एकदम वर गेल्या. डावं कोपर किंचित वाकलेलं होतं, पण सिक्सर तो सिक्सरच. टेबलावरच्या स्कोअररने हात हलवून पोच दिली आणि मैदानाने शिट्ट्यांचा पाऊस पाडला. तेव्हापासून तिथे कुणी सिक्सर ठोकला की पोरं ओरडतात, "चादर घाल रे!"

घरी आल्यावर सुंदराबाईंनी काठी उचलली. "सुटलात एकदाचे. उद्यापासून कपडे मी वाळत घालते."

अंबादासनी ती काठी डाव्या हाताने काढून घेतली.

"राहू दे गं. फायनल पुढच्या वर्षीपण आहे."