सहा कच्चे चिकू

पीएच.डी.साठी गाईड विद्यार्थ्याची परीक्षा घेतो, ही जगाची रीत आमच्या कॉम्प्युटरच्या मॅडमना साफ नामंजूर होती. तलासरीच्या कॉलेजात आम्ही दोघं शिकवायचो. मी डहाणूचा, गणिताचा; त्या झरी गावच्या. प्रवेश परीक्षा त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या, पण महिनाअखेरपर्यंत गाईडचं संमतिपत्र दिलं नाही तर प्रवेश रद्द होणार होता. दुसरं कुणीही गाईडच्या दारात हात जोडून उभं राहिलं असतं. मॅडम निघाल्या घरच्या झाडाचे सहा कच्चे चिकू घेऊन, आणि सोबतीला मी.

चिकू देताना म्हणायच्या, "आज खाऊ नका हां सर. चार दिवस पिकू द्या." पाचव्या दिवशी फोन करून चौकशी. पहिल्या प्राध्यापकांनी चिकू थेट फ्रिजमध्ये टाकले, ते दगडच राहिले. दुसऱ्यांनी आमच्यासमोरच चावा घेतला, आणि चिकाने ओठ चिकटल्यामुळे भेट तिथेच संपली. तिसऱ्यांनी शिपायाला देऊन टाकले. तिघेही नापास! "ज्यांना चार दिवस फळाकडे बघवत नाही, ते चार वर्षं माझ्या कामाकडे काय बघणार?" हे त्या चारोटी नाक्यावरून परतताना शेअर जीपमध्ये इतक्या जोरात म्हणाल्या की ड्रायव्हरनेही मान डोलावली. मान डोलवायची माझी मात्र हिंमत झाली नाही, कारण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी दिलेला चिकू मी घरी जाऊन लगेच चावला होता आणि "फार गोड होता" अशी थाप मारली होती.

विषयाबाबत तर त्या याहून हट्टी. त्यांच्या आईची बोली वारली, आणि तिने मोबाईलला काही विचारलं की तो दरवेळी "पुन्हा बोला" म्हणतो. मॅडमना यंत्राला वारली शिकवायची होती. चौथे प्राध्यापक समजुतीने म्हणाले, "इंग्रजी घ्या ना मॅडम. डेटा तयार मिळतो."

"माझा पण तयार आहे सर. झरीला अंगणात तंबाखू मळत बसलाय."

असं म्हणून त्यांनी टेबलावरचे सहाही चिकू उचलून पिशवीत घातले. बाहेर आल्यावर मी घाबरून मुदतीची आठवण करून दिली. "जाऊ दे गेला तर प्रवेश," त्या म्हणाल्या, "आता काय आईला इंग्रजी शिकवू?" मला त्यांचा भयंकर अभिमान वाटला.

पाचव्या गाईड पुण्याच्या एक बाई; त्यांनाही चिकू देऊन आलो होतो. मुदतीला दोन दिवस उरले असताना त्यांचा आपणहून फोन आला. "चार मऊ झालेत, दोन अजून कडक आहेत. सगळे एकाच दिवशी काढले होते का? आणि हो, मला वारली येत नाही. तुमची आई शिकवेल का?" मॅडमनी फोन हाताने झाकला आणि स्टाफरूममध्ये ओरडल्या, "पास!"

गेल्या आठवड्यात त्या पुण्याला गेल्या. जाताना माझ्या टेबलावर सहा चिकू ठेवले आणि हसून म्हणाल्या, "सर, या वेळी तरी."

म्हणजे ती थाप त्यांना तेव्हाच कळली होती. आज पाचवा दिवस. स्टाफरूममध्ये भांडायला कुणी नाही, करमत नाही. पाच मऊ झालेत, एक कडक आहे, आणि मी एकालाही हात न लावता फोनची वाट बघत बसलोय.